पडदा बंद, कान चालू : स्क्रीन रीडरवर ध्वनी-संपादन

एक साधा प्रश्न विचारते. अंध माणूस आवाजाच्या क्षेत्रात काय काम करू शकेल? हॉस्टेलच्या मेसमध्ये हा प्रश्न टाकला तेव्हा बहुतेकांनी 'गायक', 'तबलजी', 'रेडिओ अनाउन्सर' अशी उत्तरं दिली. 'रेकॉर्डिंग एडिट करेल' असं एकीनंही म्हटलं नाही. कारण एडिटिंग म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर येतो तो कॉम्प्युटरचा पडदा, त्यावरच्या निळ्या लाटा आणि माऊस.

पण हे काम अंध व्यक्ती करतात, पगार घेऊन करतात आणि चांगलं करतात. ते कसं होतं, त्यामागचं इंजिनिअरिंग काय आणि त्यात आपला, म्हणजे उद्या सॉफ्टवेअर लिहिणाऱ्यांचा, काय संबंध, ते या लेखात बघू. माझं शिक्षण कॉन्व्हेंटमधलं, त्यामुळे काही शब्द इंग्रजीच येतील. ते गोड मानून घ्या.

थोडा इतिहास

कॉम्प्युटर येण्याआधी रेडिओ केंद्रांत पाव इंच रुंदीच्या टेपवर रेकॉर्डिंग व्हायचं. टेप सेकंदाला साधारण 19 सेंटिमीटर किंवा 38 सेंटिमीटर वेगाने धावायची. एखादा शब्द काढायचा असेल तर एडिटर दोन्ही रिळं हाताने पुढेमागे हलवायचा, शब्द नेमका कुठे सुरू होतो ते कानाने हेरायचा, टेपवर पेन्सिलने खूण करायचा आणि ब्लेडने तिरका काप देऊन दोन टोकं चिकटपट्टीने जोडायचा. टेपकडे बघून काहीच कळत नसे, ती नुसती तपकिरी पट्टी. म्हणजे मुळात हे काम सगळ्यांसाठीच कानाचं होतं. लाटांचं चित्र नंतर आलं आणि 'एडिटिंग म्हणजे बघण्याचं काम' हा समज त्या चित्रासोबत आला.

आता हे चित्र खरोखर किती सांगतं त्याचं गणित करू. एक तासाचं मोनो रेकॉर्डिंग घ्या. सॅम्पलिंग रेट 44,100. म्हणजे तासाला 15 कोटी 87 लाख 60 हजार सॅम्पल्स. लॅपटॉपच्या पडद्यावर आडवे पिक्सेल 1,366. पूर्ण तास एका पडद्यावर दाखवला तर एका पिक्सेलच्या वाट्याला सुमारे 1 लाख 16 हजार सॅम्पल्स येतात, म्हणजे अडीच सेकंदांहून जास्त आवाज. तेवढ्यात एक अख्खं वाक्य बोलून होतं! लाट बघून 'इथे आवाज मोठा आहे, इथे शांतता आहे' एवढंच कळतं. तो मोठा आवाज शब्दाचा, खोकल्याचा की दार आपटल्याचा, ते डोळस माणसालाही ऐकूनच ठरवावं लागतं. उलट तयार कानाला सलग आवाजातली दोन-तीन मिलिसेकंदांची फटसुद्धा जाणवते.

स्क्रीन रीडर म्हणजे काय?

स्क्रीन रीडर पडद्याचा फोटो काढून वाचत नाही. विंडोज, अँड्रॉइड अशा प्रत्येक सिस्टीममध्ये प्रोग्रामने आपली माहिती शब्दांत सांगायची एक सोय असते. प्रत्येक बटणाने, यादीने, चौकटीने तीन गोष्टी सांगायच्या : माझं नाव काय, मी कोण (बटण, चेकबॉक्स, स्लायडर) आणि सध्या माझी स्थिती काय (चालू, बंद, 40 टक्के). स्क्रीन रीडर ही माहिती घेतो आणि कृत्रिम आवाजात बोलतो. माऊसची गरज नाही, सगळं कीबोर्डवर.

टेड हेंटर या अमेरिकन मोटरसायकल रेसरची 1978 साली अपघातात दृष्टी गेली. पुढे त्याच्या कंपनीने 1989 मध्ये 'जॉज' हा स्क्रीन रीडर आणला. तो उत्तम, पण महाग. 2006 साली ऑस्ट्रेलियातल्या मायकेल करन या अंध तरुणाने 'एनव्हीडीए' लिहायला घेतला. जेम्स टेह हा दुसरा अंध प्रोग्रामर त्याला येऊन मिळाला. एनव्हीडीए फुकट आणि ओपन सोर्स आहे. त्याच्यासोबत येणारा ईस्पीक हा आवाज मराठीही वाचतो. उच्चार जरा यांत्रिक, पण काम भागतं.

दापोड्यातलं रेकॉर्डिंग

आता प्रत्यक्ष उदाहरण. माझं घर भिवंडीजवळ दापोडे गावात. दापोडे म्हटलं की आता लोकांना गोडाऊनच आठवतात. दिवसरात्र कंटेनर आणि ट्रक, शटरचा खडखडाट. पण याच गावात माझी आजी आहे आणि तिला आगरी लग्नातले धवले येतात. हळदीपासून लग्न लागेपर्यंत प्रत्येक विधीचा धवला वेगळा. वाद्य नाही, नुसता गळा. हे कुठे लिहून ठेवलेलं नाही, सगळं तिच्या डोक्यात. तिच्याबरोबर गाणाऱ्या बायका एकेक करून कमी होत गेल्या. म्हणून दिवाळीच्या सुट्टीत मी मोबाईलवर दोन तास रेकॉर्डिंग केलं.

ते साफ करून द्यायला कल्याणचे एक दादा घरी आले. ते जन्मापासून अंध आहेत आणि बोलक्या पुस्तकांचं एडिटिंग हे त्यांचं रोजचं काम आहे. (त्यांनी नाव छापू नको म्हटलंय.) आमच्या काकांना काळजी वाटली. ते मला बाजूला घेऊन म्हणाले, "अगं, त्यांना दिसत नाही. चुकून डिलीट झालं तर? आई परत एवढं गाणारे का?" खोली लहान, दादांना ऐकू गेलंच. ते हसून म्हणाले, "काका, डोळसांच्या हातूनही डिलीट होतं. म्हणून आपण आधी कॉपी काढायची." तीच या कामाची पहिली पायरी.

पायऱ्या

दादा 'ऑडॅसिटी' वापरतात. हाही फुकट प्रोग्राम, अमेरिकेतल्या कार्नेगी मेलन विद्यापीठात सुरू झालेला आणि 2000 साली लोकांसाठी खुला झालेला. त्याच्या कीबोर्ड सेटिंगमध्ये शॉर्टकट्सचा 'फुल' संच निवडून ठेवायचा.

1) मूळ फाईल बाजूला. मूळ रेकॉर्डिंगची एक प्रत पेन ड्राईव्हवर, एक लॅपटॉपवर. काम तिसऱ्या प्रतीवर. दाबून लहान केलेल्या एमपीथ्री फाईलवर पुन्हापुन्हा काम केलं की दर सेव्हला आवाज थोडा खराब होतो, म्हणून काम डब्ल्यूएव्हीमध्ये आणि एमपीथ्री अगदी शेवटी.

2) दोन आवाज वेगळे ठेवायचे. इथे खरी अडचण. आजीचा आवाजही कानातच आणि स्क्रीन रीडरचा आवाजही कानातच! एनव्हीडीएमध्ये आवाज कुठून बाहेर यावा ते निवडता येतं. दादा रेकॉर्डिंग हेडफोनवर ऐकतात आणि एनव्हीडीए लॅपटॉपच्या छोट्या स्पीकरवर, हळू. त्याचा वेग इतका की आपल्याला नुसती किलबिल वाटते. मध्येच गप्प करायचं असेल तर कंट्रोल दाबायचं. मात्र स्वतः रेकॉर्डिंग करताना दोन्ही आवाज हेडफोनवरच, नाहीतर एनव्हीडीएची बडबड माईकमध्ये शिरते.

3) एकदा सलग ऐकून खुणा करायच्या. स्पेसबारने प्ले. काही खटकलं की कंट्रोल + एम, तिथे लेबल पडतं, त्यात 'शटर', 'हॉर्न', 'खोकला' असं लिहायचं. या पहिल्या फेरीत काहीच कापायचं नाही. शेवटी सगळ्या लेबलांची वेळेसकट यादी मिळते आणि स्क्रीन रीडर ती ओळीने वाचतो. लाटांच्या चित्रापेक्षा ही यादी मला जास्त उपयोगी वाटली, कारण चित्रात 'शटर' असं लिहिलेलं नसतं.

4) तुकडा पकडायचा. चालू आवाजात सुरुवातीला डावा चौकोनी कंस दाबायचा, शेवटी उजवा. तेवढा भाग सिलेक्ट होतो. पण कानाने ऐकून बोट हलायला साधारण पाव सेकंदापर्यंत वेळ जातो, म्हणजे खूण नेहमी थोडी उशिरा पडते. ती शिफ्ट आणि बाणांच्या कळांनी सरकवायची. इथे एक गंमत आहे. बाण एकदा दाबला की खूण किती सरकणार, ते झूमवर अवलंबून असतं. म्हणून दादाही कंट्रोल + 1 दाबून झूम वाढवतात. आपण झूम करतो मोठं दिसावं म्हणून, ते करतात पाऊल लहान पडावं म्हणून. शिवाय रेकॉर्डिंग थांबलेलं असताना तोच कंस दाबला तर प्रोग्राम वेळ आकड्यात विचारतो. मिनिट, सेकंद, मिलिसेकंद टाईप करा, झालं.

5) कापण्याआधी काप ऐकायचा. 'सी' ही कळ दाबली की सिलेक्ट केलेला भाग वगळून आधीचं आणि नंतरचं जोडून ऐकू येतं. पटलं तर डिलीट, नाही पटलं तर खूण हलवा. टेप कापल्यावर परत जोडणं कठीण होतं. इथे कंट्रोल + झेड आहेच, पण दादा म्हणतात, "आधी ऐकलं की अंडू करायची वेळच येत नाही."

6) टक् आवाज टाळायचा. दोन तुकडे जोडताना एकाची लाट वर असताना तुटली आणि दुसऱ्याची खाली असताना सुरू झाली, तर सिग्नलमध्ये एकदम उडी येते. सिग्नल्सच्या लेक्चरमध्ये शिकलोय तेच, अशा उडीत जवळजवळ सगळ्या फ्रीक्वेन्सी असतात, म्हणून कानाला 'टक्' ऐकू येतं. उपाय : दोन्ही टोकं लाट शून्य ओलांडते तिथे आणायची. त्यासाठी 'झेड' ही एकच कळ. बघायची गरज नाही, प्रोग्राम जवळचा शून्यबिंदू स्वतः शोधतो.

7) सलग आवाज कमी करायचा. आजीच्या रेकॉर्डिंगमध्ये पंख्याची घरघर सगळीकडे होती. नॉईज रिडक्शनचे दोन टप्पे : आधी फक्त घरघर असलेला एक-दोन सेकंदांचा तुकडा निवडून 'नॉईज प्रोफाईल' घ्यायचं, मग सगळं निवडून इफेक्ट लावायचा. प्रोग्राम आवाजाचे फ्रीक्वेन्सीनुसार बारीक पट्टे पाडतो आणि ज्या पट्ट्यात त्या क्षणी आवाज घरघरीच्या पातळीइतकाच आहे तो पट्टा खाली दाबतो. 12 डेसिबल कमी केलं म्हणजे अँप्लिट्यूड पावपट झाली. लोभ केला तर गाणारा माणूस पाण्याखालून गातोय असं वाटतं. किती कमी करायचं ते आकडा टाईप करून ठरवायचं आणि कानाने तपासायचं.

8) पातळी आकड्यात वाचायची. आपण लाल-हिरवा मीटर बघतो. दादा सगळं सिलेक्ट करून 'अँप्लिफाय'ची खिडकी उघडतात. तो प्रोग्राम स्वतःच सुचवतो की आवाज अजून किती डेसिबल वाढवता येईल. त्याने 3.2 म्हटलं तर सर्वात मोठा आवाज वजा 3.2 डेसिबलवर आहे. आकडा घेतला, खिडकी एस्केपने बंद! आवाज कुठे फाटला असेल तर 'फाईंड क्लिपिंग' हा पर्याय तिथे लेबलं लावून देतो.

काय ठेवायचं, काय काढायचं

कळा कोणीही पाठ करेल. अवघड भाग वेगळाच आहे. आजीच्या रेकॉर्डिंगमध्ये तीन प्रकारचे नको असलेले आवाज होते. पंख्याची घरघर सलग होती, ती कमी झाली. शटरचा खडखडाट दोन धवल्यांच्या मध्ये होता, तो कापला. तिसरा होता मागे येणाऱ्या ट्रकचा हॉर्न, नेमका एका ओळीवर. आजी न थांबता गात राहिली होती. काका म्हणाले, तेवढं काढून टाका. दादांनी तो तुकडा चार वेळा ऐकला आणि सांगितलं, "हॉर्न काढला तर शब्द जाईल. शब्द एकदाच गायलाय. हॉर्न राहू दे." आजीनेही मान डोलावली. मग तिने त्यांना त्या ओळीतला शब्द परत समजावून सांगितला आणि तो त्यांनी लेबलमध्ये टाईप करून ठेवला.

दुसरी गोष्ट श्वासांची. धवल्यात ओळीच्या शेवटी आजी लांब श्वास घेते. नवशिका एडिटर असे श्वास 'कचरा' म्हणून काढतो. दादांनी एकही काढला नाही. बोलक्या पुस्तकातही ते तसंच करतात. श्वास काढला की ऐकणाऱ्याला वाक्य कुठे संपलं ते कळत नाही आणि तो स्वतःच दमतो.

गाडी अडते कुठे?

वरच्या आठही पायऱ्यांत डोळ्यांवाचून काहीच अडलं नाही. अडतं ते वेगळ्याच ठिकाणी. कित्येक प्रोग्राम्समध्ये बटणांना नावच दिलेलं नसतं. स्क्रीन रीडर म्हणतो, "बटण. बटण. बटण." कुठलं सेव्हचं आणि कुठलं डिलीटचं? काही प्लग-इन्समध्ये तर सुंदर गोल खुंट्या असतात, पण ती नुसती चित्रं. कीबोर्डने तिथे पोचताच येत नाही. एखाद्या अपडेटमध्ये बटणांची रचना बदलते आणि काल जमणारं काम आज बंद पडतं. दादा म्हणाले की काम जाण्याची भीती त्यांना डोळ्यांमुळे कधी वाटली नाही, अपडेटमुळे वाटते.

हे सुधारता येतं, त्याचे पुरावे आहेत. ऑडॅसिटीमध्ये ट्रॅक्सचा भाग प्रोग्राम स्वतः रंगवतो, त्यामुळे स्क्रीन रीडरला तो आपोआप समजला नसता. त्यासाठी खास वेगळा कोड लिहिलाय, म्हणून तो बोलतो. 'रीपर' हा व्यावसायिक प्रोग्राम घ्या. एनव्हीडीएवाल्या जेम्स टेहनेच त्याच्यासाठी 'ओसारा' नावाची फुकट जोडणी सुरू केली. तिच्यामुळे जगभरचे अंध एडिटर आणि संगीतकार आज रीपरवर काम करतात.

काम आहे का?

आहे. बोलकी पुस्तकं हे मोठं क्षेत्र. मुंबईत 1952 साली स्थापन झालेली नॅशनल असोसिएशन फॉर द ब्लाइंड बोलक्या पुस्तकांचं काम करत आली आहे. सेंट झेवियर्स कॉलेजात 2003 साली अंध विद्यार्थ्यांसाठी रिसोर्स सेंटर सुरू झालं. 2012 च्या दुरुस्तीनंतर आपल्या कॉपीराइट कायद्यात अपंग व्यक्तींसाठी पुस्तक वाचता येईल अशा रूपात आणायला मोकळीक मिळाली. याच विषयावरचा माराकेश करार 2014 मध्ये मंजूर करणारा भारत जगातला पहिला देश. 2016 साली 'सुगम्य पुस्तकालय' हे ऑनलाईन ग्रंथालय सुरू झालं. पुस्तकं रेकॉर्ड करायला वाचक पुढे येतात, पण प्रत्येक तासाच्या वाचनामागे साफसफाईचं काम असतं आणि ते करायला तयार कान लागतात.

पूर्वी अंध मुलांना खुर्च्या विणणं किंवा टेलिफोन ऑपरेटरचं काम शिकवायचे. ऑपरेटरचं काम मोबाईलनंतर आटलं. नवं काम सॉफ्टवेअरवर आहे. म्हणजे त्याचा दरवाजा उघडा राहणार की बंद, हे ते सॉफ्टवेअर लिहिणाऱ्यांवर अवलंबून आहे. 2016 चा दिव्यांग हक्क कायदा आहे. 30 एप्रिल 2025 च्या निकालात सुप्रीम कोर्टाने डिजिटल सेवांपर्यंत पोचणं हा घटनेच्या कलम 21 मधल्या जगण्याच्या हक्काचाच भाग मानला. पण कोर्ट बटणाला नाव देऊ शकत नाही. ते प्रोग्रामरनेच द्यायचं असतं.

आपण काय करू शकतो?

पहिलं, हा प्रयोग करा. एनव्हीडीए आणि ऑडॅसिटी उतरवून घ्या. हॉस्टेलमध्ये कुणाचंही पाच मिनिटांचं बोलणं रेकॉर्ड करा. मॉनिटर बंद करा, माऊस काढून ठेवा. वरच्या पायऱ्यांनी तीन चुकलेले शब्द काढा. पहिला अर्धा तास वैताग येईल. तासाभराने हात कळा शोधायला लागतील आणि रेकॉर्डिंगमध्ये आधी कधी न ऐकलेले आवाज ऐकू येतील : मेसचा एक्झॉस्ट, शेजारच्या रूममधली बादली.

दुसरं, फायनल इयर प्रोजेक्टमध्ये चार गोष्टी तपासा :

• प्रत्येक बटणाला शब्दांत नाव आहे का? वेब पेजवर अल्ट टेक्स्ट किंवा एरिया-लेबल, अँड्रॉइडमध्ये कंटेंट डिस्क्रिप्शन. एका बटणाला एक ओळ कोड.
• नुसत्या टॅब, बाण आणि एंटरवर सगळं काम होतं का?
• रंगाने सांगितलेली गोष्ट शब्दातही सांगितली आहे का? 'लाल म्हणजे एरर' एवढं पुरत नाही.
• स्लायडर असेल तिथे आकडा टाईप करायची चौकट आहे का?

आपल्या स्टाफला एक विनंती. प्रोजेक्टच्या मार्कशीटमध्ये याला पाच मार्क ठेवा. मार्क असले की आम्ही करतो, हे तुम्हाला आमच्यापेक्षा जास्त माहीत आहे!

तिसरं, वाचायला आवडत असेल तर बोलक्या पुस्तकासाठी वाचन करा. वाचताना पान उलटायच्या आधी थांबा, चुकलं तर शब्दाऐवजी पूर्ण वाक्य परत वाचा आणि सुरुवातीला दहा सेकंद काहीच न बोलता खोलीचा आवाज रेकॉर्ड करा. तुमची फाईल साफ करणाऱ्याला त्यातून नॉईज प्रोफाईल मिळेल. तो माणूस बहुधा तुम्हाला कधी भेटणार नाही, पण त्याचा अर्धा तास तुम्ही वाचवलेला असेल.